कार्ड न बघितलेलं घर

बाभूळवाडीत कुणाच्या घरी लेकरू जन्मलं की बारशाच्या आधी बेबीनंदा दारात येऊन उभी राहणार, हे ठरलेलंच. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर आणि तोंडात एकच वाक्य: "कार्ड दाखव." चहा नको, पाणी नको, लेकरू कुणाच्या वळणावर गेलंय ते नंतर बघू, आधी लसीचं कार्ड. त्यामुळं सरकारनं तिला आशाताई म्हटलं तरी गावानं कधी म्हटलं नाही. "कार्डवाली आली गं," अशी हाळी एका दारातून दुसऱ्या दारात जाते आणि बाया डाळीच्या डब्यात, गादीखाली, लुगड्याच्या घडीत हात घालून कार्ड धुंडायला लागतात.

केदारखेड्यापासून पाच-सहा किलोमीटर आत, मक्या-कपाशीच्या रानांत दडलेलं हे गाव. उंबरे जेमतेम दीडशे. सतरा वर्षांपूर्वी बेबीनंदाची नेमणूक झाली तेव्हा तिचा मुलगा बुद्धभूषण दुसरीत होता आणि गावातल्या निम्म्या बाया तिला आपल्या लेकराला हात लावू देत नव्हत्या. कारण तोंडावर कुणी सांगायचं नाही. "झोपलंय," म्हणायच्या, "अंग कोमट लागून राह्यलंय," म्हणायच्या. बौद्धवाड्यातली बाई दारात आली की लेकरं बरोबर त्याच वेळेला झोपायची. तिनं ते गिळलं. दुसऱ्या दिवशी परत गेली, तिसऱ्या दिवशी परत. शेवटी बायाच कंटाळल्या.

तोंडानं ती फटकळ. सोनूबाई तिची सख्खी नणंद, गावातच दिलेली. ती एकदा म्हणाली, "वैनी, डोस सगळे झाल्ते, कार्ड उंदरानं खाल्लं." बेबीनंदानं तिच्या ओसरीत फतकल मारली आणि म्हणाली, "मंग उंदराला बोलाव. त्यालाच इचारते कोन्ता डोस राह्यला." दोन तास हलली नाही. संध्याकाळी कार्ड कणगीमागं सापडलं आणि खरोखरच एक डोस राहिलेला निघाला. सोनूबाई पुढं सहा महिने बोलत नव्हती. बेबीनंदाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. लेकराला सुई मिळाली, तिचं काम झालं.

एवढा हट्ट कशापायी, असं कुणी विचारलं तर ती आपल्या थोरल्या भावाचं नाव घ्यायची. रामकिसन. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाहेर मोबाइलची कव्हरं विकतो. एका हातानं गुडघा दाबत चालतो, कारण तो पाय दीड वर्षाचा असतानाच वाळला. पोलिओ. लहानपणी बेबीनंदानं त्याला कडेवर घेऊन शाळेत नेलंय. धाकट्या बहिणीनं थोरल्या भावाला कडेवर घ्यायचं, पोरांनी हसायचं, आणि त्यानं तिच्या खांद्यात तोंड खुपसायचं. "दोन थेंब," ती म्हणायची. "दोन थेंबांचं काम व्हतं. कुणी पाजले न्हाईत." तिच्या सतरा वर्षांत बाभूळवाडीत एकाही लेकराचा पाय वाळला नाही. पण जे झालंच नाही त्याचं कौतुक कोण करतंय?

बायांना समजावून सांगायची तिची एक रीत होती. कागद वाचून दाखवायची नाही. म्हणायची, "तुमच्या मक्यात रानडुकरं येतात का? येतात. कुंपन घालता का? घालता. मंग शेजाऱ्यानं आपल्या बाजूचं कुंपन मोकळं ठेवलं, तर डुक्कर कोन्ता मका खाईल? त्याचाच खाईल का? ते आत आलं की समद्यांचाच खातं. सुईचं तसंच हाय. तुझ्या लेकराला सुई दिली की ते वाचतं, अन शेजारचं तान्हं बी वाचतं, ज्याला अजून सुई देताच येत न्हाई." बाया मान डोलवायच्या. पदरानं लेकराचं नाक पुसत पुढं व्हायच्या.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या स्वतःच्या घरात तान्हं आलं. बुद्धभूषणची मुलगी, यशोधरा. घरात यशू. सून साक्षी बारावी शिकलेली, शांत, पण मनातलं बोलायला भिणारी नव्हे. सासूला ती आत्या म्हणायची. यशू गोरीपान नव्हती, बाळसेदार होती आणि आजीला बघितलं की दोन्ही पाय एकदम झाडायची. सतरा वर्षं दुसऱ्यांची कार्डं बघणाऱ्या बाईनं नातीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवलं. दीड महिन्याचा डोस, अडीच महिन्यांचा, साडेतीन महिन्यांचा, एकही दिवस इकडचा तिकडं झाला नाही.

राहिली होती ती गोवराची सुई. ती नऊ महिने भरल्यावर देतात. बेबीनंदाला हे पाठ होतं आणि याचीच तिला धास्ती होती. आईच्या रक्तातून लेकराला थोडी ताकद मिळते, पण ती महिन्या-महिन्यानं सरत जाते. अन सुई लवकर द्यावी, तर ती अंगाला नीट लागू होत नाही. त्या मधल्या महिन्यांत लेकराजवळ स्वतःचं असं काहीच नसतं. गावानं सुया घेतल्या असतील त्याच्यावरच ते निभतं. दिवाळीनंतर भोकरदनच्या बियाण्याच्या दुकानातून नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं, तेव्हा तिनं जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारला लाल पेनानं गोल केला. गावातला लसीचा दिवस तोच. "अजून आठ आठवडे," ती सुनेला म्हणाली. "तेवढे निघाले की मी सुटले."

आता काकासाहेबांच्या घराचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. चाळीस एकर काळी जमीन, दोन ट्रॅक्टर, समोर दगडी ओटा. बेबीनंदाची सासू साळूबाई जन्मभर त्या घरचा गोठा झाडत होती. बौद्धवाड्यातलं माणूस त्या घरी गेलं की ओट्यापाशी थांबायचं. आत जायला आता कुणी मनाई करत नाही. मनाई करायची गरजच पडत नाही, कारण जाणाऱ्याचे पायच तिथं थांबतात. बेबीनंदाचेही थांबायचे. दीडशे घरांत स्वयंपाकघरापर्यंत घुसणारी ही बाई त्या एका घरी ओट्यावर, तेही कडेला, टेकायची.

काकासाहेबांची लेक शीतल संभाजीनगरला दिलेली. लॉकडाऊनच्या वर्षी ती बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, तृप्ती. पहिले तीन डोस इथंच झाले, ओट्यावरच. मग शीतल सासरी गेली. तृप्ती दोन वर्षांची झाली तेव्हा शीतलला कंपनीत नोकरी लागली आणि लेकरू आजीकडं, गोजरबाईंकडं, राहायला आलं. बेबीनंदाच्या यादीत परत नाव चढलं. ती गेली. गोजरबाई ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"काकू, तृप्तीचं गोवराचं बघायचं व्हतं. नऊ महिन्याचं अन दीड वर्साचं. कार्ड हाय का जवळ?"

"दिलं की तिकडंच. शहरात. शीतलच्या सासरी चांगला मोठा डॉक्टर हाय, पैसे भरून दिलं."

"मंग कार्डावर तारीख असंल..."

गोजरबाईंचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. रागानं नव्हे. नुसतं बघितलं. "आमच्या सबदावर इश्वास न्हाई का तुझा, बेबे?"

"न्हाई न्हाई, तसं कुठं," बेबीनंदा म्हणाली. "बराबर हाय, काकू." आणि ओट्याच्या कडेला टेकून तिनं रजिस्टरमध्ये तृप्तीच्या नावापुढं लिहिलं: दिला, खासगी.

ही उंदराला बोलाव म्हणणारी बाई. नणंदेच्या ओसरीत दोन तास फतकल मारणारी. त्या दिवशी तिच्या तोंडून "काकू, कार्ड आणा" एवढं निघालं नाही. कुणी तिचा हात धरला नव्हता. काकासाहेब तर घरात नव्हतेच. सासू ज्या दारात मान खाली घालून उभी राहिली, त्या दारात सुनेनं पुरावा मागायचा म्हणजे काय, हे शिकवणारं प्रशिक्षण भोकरदनला होत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला ते चुकीचं वाटलंही नाही. मोठ्या घरची माणसं खोटं कशाला बोलतील, असं मनाशी म्हणून ती पुढच्या घरी गेली. पुढच्या घरी कार्ड सापडेना, तेव्हा तिनं त्या बाईला फाडफाड बोलून घेतलं.

गोजरबाई खोटं बोलत नव्हत्या, ही त्यातली आणखी वाईट गोष्ट. त्यांना तसंच वाटत होतं. तिकडं शीतलला वाटायचं, पहिले तीन डोस झाले म्हणजे सगळं झालं; संभाजीनगरला कुणी विचारलं की ती सांगायची, "माहेरी दिलंय, आमच्या गावची आशा लई कडक हाय." सासर म्हणे माहेरी झालं, माहेर म्हणे सासरी झालं, आणि लेकरू कोरडं राहिलं. बेबीनंदाच्या कडकपणाचा बोलबाला एवढा, की त्याच्यावरच भरवसा ठेवून एक सुई चुकली.

नोव्हेंबरात कापूस फुटला. साक्षी वेचायला जायची, म्हणून बेबीनंदा यशूला कडेवर घेऊनच गावभर फिरायची. कुणाच्या घरी नवीन पाहुणं लेकरू आलंय का, कुणाला ताप-पुरळ आहे का, हे विचारत. काकासाहेबांच्या ओट्यापाशी आली, तेव्हा तृप्ती पायरीवर बसली होती. चार वर्षांची. नाक वाहत होतं, डोळे लालसर, मधूनच कोरडा खोकला.

"काय झालं हिला?" बेबीनंदानं विचारलं.

"सर्दी. हवा पालटली ना," गोजरबाई म्हणाल्या.

तेवढ्यात तृप्ती उठून आली आणि यशूच्या पायाला धरून ओढायला लागली. बेबीनंदा खाली टेकली. तृप्तीनं यशूचे गाल दोन्ही हातांत धरले, मुका घेतला, मग आपल्या हातातली चिंध्यांची बाहुली तिला दिली. यशूनं ती लगेच तोंडात घातली. बेबीनंदानं घाबरून गोजरबाईंकडं बघितलं. आता त्या हाक मारतील, पोरीला मागं ओढतील, काहीतरी बोलतील. गोजरबाई बोलल्या नाहीत. शेंगा निवडत राहिल्या. एकदा तर हसल्या.

घरी येताना बेबीनंदाचे पाय जमिनीवर नव्हते. संध्याकाळी साक्षी रानातून आल्या आल्या तिनं सांगितलं, "तृप्तीनं आपल्या यशूचा मुका घेतला. बाहुली दिली खेळायला. अन गोजरकाकू बघत व्हत्या, काई म्हन्ल्या न्हाईत."

"मंग त्यात काय एवढं, आत्या?" साक्षी म्हणाली. तिला खरंच कळलं नाही. बेबीनंदाला मात्र वाटत होतं की सासूला हे सांगायला पाहिजे होतं, ती जिवंत असायला पाहिजे होती.

आणि याच बाईनं सतरा वर्षं गावातल्या बायांना शिकवलं होतं की गोवराचे दाणे उठायच्या आधी तीन-चार दिवस डोळे लाल होतात, नाक वाहतं, खोकला येतो, आणि तेव्हाच तो सगळ्यात जास्त पसरतो. तिला दिसलं नाही का? सगळं दिसलं. पण तिच्या रजिस्टरात लिहिलेलं होतं: दिला, खासगी. डोळ्यांपेक्षा तिनं आपल्या अक्षरावर विश्वास ठेवला.

अकराव्या दिवशी यशूला ताप आला. डोळे लाल झाले, अंगावर पिईना. बेबीनंदा म्हणाली, थंडीचं झालं असंल. तिनं औषध पाजलं, छातीला शेक दिला. चौदाव्या दिवशी सकाळी केसांना तेल लावताना तिचं बोट नातीच्या कानामागं गेलं आणि तिथंच थांबलं. कानामागं, मानेवर, कपाळाच्या कडेला बारीक लाल दाणे उठले होते. बेबीनंदा तेलाची वाटी घेऊन तशीच भिंतीला टेकली.

तिच्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? कुठून आलं? तिच्या यादीत यशू सोडून पाच वर्षांखालची बावन्न लेकरं. ती एकेक घर आठवायला लागली. सोनूबाईचं कार्ड, कडा कुरतडलेलं. पारावरच्या घरातलं कार्ड, हळदीचा डाग पडलेलं. प्रत्येक कार्ड तिच्या डोळ्यांपुढं उघडं होतं, आत तारीख होती, सिस्टरची सही होती. एक्कावन्न कार्डं दिसली. एक दिसेना. कारण लेकरू परत आल्यापासून ते तिनं बघितलंच नव्हतं.

ती धावत वरच्या अंगाला गेली. काकासाहेबांच्या दाराच्या चौकटीला लिंबाचा डहाळा खोचलेला होता, वाळून तपकिरी झालेला. आतल्या अंगाला, रस्त्यावरून दिसू नये असा.

"काकू, तृप्तीच्या अंगावर काय आलं व्हतं का?"

"देवी येऊन गेल्या," गोजरबाई हळू आवाजात म्हणाल्या आणि हात जोडले. "आता बरंय. निवद झाला, दहीभात झाला."

"कधी?"

"झाले धा-बारा रोज. तू येऊन गेली त्याच्या मागंच."

"मला सांगायचं न्हाई का, काकू?"

"देवीचं कुठं सांगत असतात का, बेबे? घरात फोडनी देत न्हाईत, बाहेरचं मानूस घेत न्हाईत. तुला काय सांगायचं?"

बेबीनंदाला खूप बोलायचं होतं. घरी लेकरू तापलेलं होतं, म्हणून ती वळली.

भोकरदनला नेलं. तिथून गाडीत घालून जालन्याला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि बुद्धभूषणला बाजूला घेतलं. गोवर छातीत उतरला होता. यशूच्या बरगड्या आत-बाहेर होत होत्या, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली होती, आणि आजी समोर आली तरी ती पाय झाडत नव्हती. रामकिसन रोज दुकान बंद करून गुडघा दाबत वॉर्डापर्यंत यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसायचा. त्याला बघितलं की बेबीनंदा तोंड फिरवायची.

तिसऱ्या दिवशी साक्षीनं विचारलं. भांडून नाही. बसल्या जागी, लेकराच्या तळव्यावरचा हात न काढता विचारलं. "आत्या, तुमी तर म्हनायच्या गावातल्या समद्या लेकरायला दिलंय म्हनून."

बेबीनंदा नातीच्या नाकावरची नळी सारखी करू लागली.

"समद्यायला दिल्तं ना?"

सांगता आलं असतं. मोठ्या घरानं फसवलं म्हणून, देवीच्या नावाखाली लपवलं म्हणून. त्यात काही खोटंही नव्हतं. पण तिच्या पिशवीत रजिस्टर होतं आणि त्यात तिचं अक्षर होतं. "एकीचं कार्ड म्या बघितलं न्हाई," ती म्हणाली. साक्षीनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मग मान फिरवली. त्या दिवसापासून ती सासूशी कामापुरतंच बोलते.

पाचव्या दिवशी पहाटे यशू गेली. नऊ महिने भरायला साडेपाच आठवडे राहिले होते.

मग सगळी धावपळ झाली, जशी होते. बाभूळवाडीत गाड्या आल्या. दैवशाला सिस्टर, जिच्या हाताखाली बेबीनंदा काम करायची, ती तीन दिवस गावात ठाण मांडून होती. घरोघर तपासणी झाली. ज्यांना दोन्ही सुया मिळाल्या होत्या त्यांतलं एकही लेकरू गोवरानं पडलं नाही. तृप्तीसंगं ओट्यावर खेळणारं नाही, तिच्या ताटात जेवणारं नाही. एक्कावन्न लेकरं नीट होती. बेबीनंदाच्या सतरा वर्षांच्या भांडणांचं हे फळ, पण ते तिला कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

साथ आली म्हणून सहा महिन्यांवरच्या तान्ह्यांनाही एक जादा सुई द्यायचं ठरलं. यादी करायला बेबीनंदाच बसली. गावात सहा ते नऊ महिन्यांची तीन लेकरं होती. तिनं तीन नावं लिहिली, खाली चौथा आकडा टाकला आणि पेन तसंच धरून बसली. दैवशाला सिस्टरनं हळूच कागद ओढून घेतला. "ताई, तुम्ही घरी जा," ती म्हणाली. बेबीनंदा गेली नाही. गोजरबाईंनी देवीचं तेव्हाच सांगितलं असतं तर काय, हा हिशेब तिनं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा केला आणि प्रत्येक वेळी तो रजिस्टरातल्या त्याच ओळीपाशी येऊन थांबला. शिबिराला गाव आलं. गोजरबाई तृप्तीला घेऊन आल्या नाहीत. देवी येऊन गेल्यावर सव्वा महिना सुई चालत नाही, असा त्यांनी निरोप धाडला.

जानेवारीचा दुसरा बुधवार उजाडला. कॅलेंडरवर लाल गोल तसाच होता. बेबीनंदा अंगणवाडीत गेली. सतरंजी अंथरली, बर्फाच्या डब्याजवळ स्टूल ठेवलं, यादी उघडली. यादी तालुक्याहून संगणकावर छापून येते. त्यात पाचव्या ओळीला नाव होतं: यशोधरा बुद्धभूषण, नऊ महिने पूर्ण, गोवर पहिला डोस बाकी. तिचं नाव काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला गोजरबाई आल्या. सव्वा महिना सरला होता. तृप्तीचं बोट धरलेलं, दुसऱ्या हातात कार्ड. त्या घरची बाई अंगणवाडीच्या सतरंजीवर कधी आली नव्हती, म्हणून बाया सरकल्या आणि जागा झाली. बेबीनंदानं हात पुढं केला. गोजरबाईंनी कार्ड दिलं. कार्ड नवंकोरं होतं, कपाटात जपून ठेवलेलं. पहिले तीन डोस बेबीनंदाच्याच डोळ्यांपुढचे, तारखा बरोबर. नऊ महिन्यांचा चौकोन रिकामा. दीड वर्षाचा चौकोन रिकामा. तिनं तो अंगठ्यानं चाचपला, पान उलटलं, परत सुलटं केलं.

"आमाला काय कळतंय त्यातलं," गोजरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण मान ताठ होती. "तूच तर लिहून नेल्तं, दिलं म्हनून."

दैवशाला सिस्टर चिडून उठली. "काकू, तुम्हाला बोलायला काही..."

"खरं हाय, सिस्टर," बेबीनंदा म्हणाली. "म्याच लिहिल्तं. बसा तुमी."

तिनं तृप्तीला मांडीवर घेतलं. पोरगी आढेवेढे न घेता बसली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "बाळ न्हाई आणलं?"

"न्हाई," बेबीनंदा म्हणाली. तिनं तृप्तीची उजवी बाही वर सारली आणि दंड धरला. सतरा वर्षांत हजारो दंड धरले होते, त्यातलाच एक. एक क्षण तिला त्या पोरीचा एवढा राग आला की बोटं आवळली गेली. मग तिनं ती सैल केली. सिस्टरनं सुई दिली. तृप्ती रडली, गोजरबाईंनी तिला उचललं, आणि पदरानं तिचे डोळे पुसले. बेबीनंदानं तृप्तीच्या कार्डावर तारीख घातली आणि पुढच्या सुईची तारीख पेन्सिलीनं लिहिली.

दुपारी यादी भरायला बसली. ज्याचा डोस राहिला त्याच्यापुढं कारण लिहायचं असतं. गावाला गेले, लेकरू आजारी, पालकांचा नकार. पाचव्या ओळीपुढं दैवशाला सिस्टर म्हणाली, "मयत लिहा, ताई. नाहीतर द्या, मी लिहिते." बेबीनंदानं कागद दिला नाही. तिनं लिहिलं: आजीनं एका घरचं कार्ड न बघता 'दिला' म्हणून लिहिलं. रकाना लहान होता, अक्षरं समासात गेली.

दोन दिवसांनी तालुक्याहून फोन आला. पलीकडचा माणूस वैतागलेला होता. "ताई, असं कारण आमच्या संगणकात बसत नाही. ठरलेल्या कारणांतलं एक सांगा."

"मंग त्यात जे बसतं ते टाका," ती म्हणाली. "माझ्या रजिस्टरात मातर हेच राहील. खोडायला आले तर मी खोडू देनार न्हाई." मग तो म्हणाला, "मी 'इतर' टाकतो," आणि फोन ठेवला.

बेबीनंदानं पिशवी खांद्याला लावली. पहिल्या दारातून हाळी गेली, "कार्डवाली आली गं." ती त्या पहिल्या दारापाशी थांबली नाही. वरच्या अंगाला गेली, ओट्याच्या तीन पायऱ्या चढली, चप्पल दारात काढली आणि कुणी या म्हणायच्या आत माजघरात जाऊन भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या घरातलं पहिलं माणूस, जे त्या भिंतीपर्यंत पोचलं. काकासाहेब जेवत होते, त्यांचा घास हातातच राहिला.

"कार्ड दाखवा, काकू," ती म्हणाली.

"परवाच तर बघितलं की गं," गोजरबाई म्हणाल्या.

"आज परत दाखवा."

गोजरबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. काकासाहेबांनी ताटाकडं बघितलं. मग गोजरबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि कपाट उघडायला गेल्या. बेबीनंदा तिथंच बसून राहिली, कार्ड हातात येईपर्यंत. ती दर महिन्याला जाते.